मोजून घेतलंय, काय कमी नाय

पेण,
कोजागरीचा दुसरा दिवस, २००३

तीर्थस्वरूप दिनूदादास शामाचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग म्हणजे आठही अंगांनी. माझ्यात एक अंग कमी निघालं आहे, तेव्हा जेवढी आहेत तेवढ्यांनी केलेला गोड मानून घे.)

"पोरीला मोजून घेतलंय, वैनी. काय कमी नाय." मी जन्मले त्या सकाळी गागोद्याच्या बायजाबाई सुईणीनं आईला असं सांगितलं होतं. आई हे वाक्य माझ्या दर वाढदिवसाला ओवाळताना बोलून दाखवायची, आणि मी शेहेचाळीस वर्षं त्या वाक्यावर निर्धास्त होते. परीक्षेत नापास झाले, लग्न दोनदा मोडता मोडता राहिलं, दाढा काढल्या, चष्मा लागला, पण मुळात आपण पूर्ण आहोत, मोजून घेतलेल्या आहोत, याबद्दल मनात कधी शंका आली नाही. ती शंका आता आली आहे आणि तिचा कागद माझ्या पर्समध्ये आहे. त्या कागदाबद्दल तुला फोनवर अर्धंच सांगितलं, कारण फोनवर तू "बरं, ठेवतो" म्हणतोस आणि खरंच ठेवतोस. म्हणून हे पत्र. लाल पेनानं तपासून परत पाठवलंस तरी चालेल, लहानपणापासून सवय आहे.

आधी तुझी खुशाली. पायांची सूज उतरली का? मंगळवार-शुक्रवारच्या पनवेलच्या फेऱ्या कशा चालल्या आहेत? वहिनी म्हणाली, मशिनवर चार तास पडल्या पडल्या तू शेजारच्या पेशंटाच्या मुलाला त्रैराशिक शिकवतोस. त्या मुलाबद्दल मला फार वाईट वाटतं. पाणी वाटीनं मोजून पितोस, हे बरं करतोस. आणि सुक्या कोलंबीचे सोडे बंद झाल्याचा राग अजून गेला नाही म्हणे. किडन्या गेल्या त्याबद्दल देवाला एक शब्द बोलला नाहीस, पण सोड्यांच्या खिचडीवरून डॉक्टरांशी भांडलास, असं वहिनी सांगत होती. त्या सोड्यांचं मी काही तरी बोलणार आहे, पण आत्ता नाही.

तर झालं असं. जुलैत डॉक्टरांनी सांगितलं की मशिन किती दिवस पुरेल सांगता येत नाही, घरातल्या कुणी किडनी दिली तर उत्तम, आणि वहिनीची साखरेमुळे चालणार नाही. तू तेव्हा "मला कुणाचं काही नको" म्हणालास आणि घटक चाचणीचे पेपर पुढे ओढलेस. मी तिथेच, तुझ्या रोह्याच्या ओटीवर बसून ठरवलं की आपण द्यायची. रक्तगट एकच आहे. मला दोन आहेत (असं तेव्हा वाटत होतं). जन्मभर भाऊबीजेला तूच माझ्या ताटात काही ना काही घालत आलास. एकदा आपण घालावं, असं मनात आलं. हे काही थोरपण नव्हतं. कित्येक वर्षांनी मला स्वतःबद्दल जरा बरं वाटत होतं, एवढंच.

चूक अशी झाली की मी हे धोंडुबाईला सांगितलं. धोंडुबाई आमच्या शेजारी राहते, आणि तिला एखादी गोष्ट सांगितली की नगरपालिकेच्या फळ्यावर वेगळी लिहावी लागत नाही. आठवड्याभरात आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्षा विमलबाई घरी आल्या. म्हणाल्या, "श्यामलाताई, सत्कार." मी म्हटलं, अहो, अजून दिलेली नाही, तपासण्यासुद्धा व्हायच्या आहेत. त्या म्हणाल्या, "दिल्यावर तुम्ही अंथरुणात असाल, सत्कार कुणाचा करायचा? श्रावणात हॉल फुकट मिळतोय." मी हॉलची तारीख विचारली. तू हसशील, पण इथे सगळं असंच चालतं. हमरापूरला गणपतीची आगाऊ नोंदणी करतात ना, तसा माझा आगाऊ सत्कार झाला. शाल दिली, नारळ दिला, आणि हमरापूरचीच एक हातभर उंचीची मूर्ती दिली. तिच्या पाटाला पितळी पट्टी ठोकलेली, 'मूत्रपिंडदात्या सौ. श्यामलाताई यांस सप्रेम'. मी भाषणही केलं. भावाबहिणीच्या नात्यावर वीस मिनिटं बोलले, तिसऱ्या रांगेतल्या दोघीजणी रडल्या. दादा, ते भाषण मला आता आठवलं की अंगावर पाल पडल्यासारखं होतं. का, ते खाली येईल.

मग पनवेलला जाऊन फॉर्म भरला. त्यात 'सख्खी भावंडं किती' असा रकाना होता. मी नेहमीप्रमाणे 'एक, भाऊ' असं लिहिलं. (या रकान्याबद्दल शेवटी बोलेन. आत्ता बोलले तर तू पत्र इथेच फाडशील आणि माझी चार पानं फुकट जातील.) त्यांनी सांगितलं, पहिली सोनोग्राफी पेणलाच करून आणा.

सोनोग्राफीला बसलेली डॉक्टरीण निघाली माझी विद्यार्थिनी. आठवीत माझ्याकडे मराठीला होती. निबंधात सुरुवात आणि शेवट लिहायची आणि मधला परिच्छेद हमखास विसरायची. तिनं पोटावर ते गार औषध लावलं, उजवीकडे यंत्र फिरवलं, "छान आहे बाई" म्हणाली. डावीकडे फिरवलं. परत फिरवलं. मला कुशीवर वळवलं, श्वास धरायला लावला, सोडायला लावला, पाणी पाजलं, पाऊण तास थांबवलं, पुन्हा फिरवलं. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "बाई, डावीकडची सापडत नाहीये." मी म्हटलं, नीट बघ, तुझी घाई करायची सवय जुनी आहे. ती म्हणाली, "बाई, जागाच रिकामी आहे. कधी ऑपरेशन झालं होतं का?" मी म्हटलं, अगं, टॉन्सिल्सचं झालं होतं. ती बिचारी हसलीही नाही. मला खरंच वाटलं की ही माझा मधला परिच्छेद विसरली आहे. म्हणून मी पनवेलला जाऊन दुसऱ्या डॉक्टरांकडून मोठ्या यंत्रात पुन्हा तपासून घेतलं. पोरीचं उत्तर बरोबर होतं. (तिला तसं कळवलं. दहापैकी दहा.)

मला जन्मतःच किडनी एक आहे. हजारात एखाद्याला असं असतं म्हणे, आणि पुष्कळांना मरेपर्यंत पत्ता लागत नाही. डॉक्टर समजावत होते, "घाबरायचं काही नाही, तुमची एकच आहे पण चांगली मोठी झालेली आहे. जोडीदार नसली की दोघींचं काम एकीवर पडतं, मग ती आपोआप वाढते." त्यांना वाटलं माझी समजूत पटेल. मला उलट असा काही संताप आला की विचारू नकोस. शेहेचाळीस वर्षं ही बया एकटी राबली, माझी दोन बाळंतपणं काढली, पेणच्या उन्हाळ्यात शाळेच्या मधल्या सुट्टीपर्यंत तुंबून बसली (आमच्या शाळेत बायकांसाठीची जागा कुलपात असते आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात), आणि एकदा तरी कळ देऊन सांगावं की बाई, मी एकटी आहे? एक शब्द नाही. मला हे कुणाचं वळण आहे ते माहीत आहे. हे आपल्या घरातल्या बायकांचं वळण आहे.

घरी आले तर बातमी माझ्या आधी आली होती. 'श्यामलाताईंची एक किडनी नाही' इथपर्यंत बरोबर, पण 'नाही' म्हणजे 'गेली' असा अर्थ पेणनं लावला. आता गेली तर कुठे गेली? धोंडुबाई भाजी निवडायच्या निमित्तानं आली, दाराला कडी लावली आणि माझा हात धरून म्हणाली, "बाय, खरं सांग. तुझ्या नवऱ्यानं तर नाय ना परस्पर इकली? निजेत असताना?" हे माझ्या यांच्याबद्दल! जे गेली बावीस वर्षं साधी रद्दीसुद्धा मला विचारल्याशिवाय विकत नाहीत! मी यांना सांगितलं तर हे वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाले, "मी विकली असती तर दोन्ही विकल्या असत्या, एकीला भाव येत नाही." आणि हे वाक्य धोंडुबाईनं खिडकीतून ऐकलं. पुढचं सांगत नाही. पंधरा दिवस यांना पेणच्या नाक्यावर कुणी चहा पाजला नाही.

विमलबाईंची अडचण निराळी. त्या आल्या, बसल्या, पाणी प्यायल्या, पंख्याकडे बघत म्हणाल्या, "मंडळाच्या अहवालात छापून गेलंय हो. कोणी विचारलं तर?" मी म्हटलं, शाल घेऊन जा. त्या म्हणाल्या, "शालीचं काही नाही, शाल कुणालाही चालते. पण ती पट्टी." आम्ही दोघींनी मिळून पट्टी काढायला घेतली तर खिळा इतका बसलेला की पाटाबरोबर उंदीरही सुटून आला. मग त्याच म्हणाल्या, राहू दे, गणपतीला सगळं कळतं. नारळाचं त्यांनी विचारलं नाही. त्याच्या वड्या झाल्या होत्या आणि त्यातल्या दोन त्या पाणी पिताना खाऊन बसल्या होत्या.

एवढं सगळं झाल्यावर मी ठरवलं की या प्रकरणाचा जाब मुळाशी जाऊन विचारायचा. एका रविवारी एसटीनं गागोद्याला गेले. बायजाबाई अजून आहे. डोळ्यांना दिसत नाही, कान मात्र आपल्या दोघांपेक्षा तिखट. ओट्यावर मिश्री लावत बसली होती. मी ओळख सांगितली आणि सरळ म्हटलं, बायजाबाई, तू आईला मोजून घेतलंय म्हणाली होतीस, एक किडनी कमी निघाली. तिनं बोट तोंडातून काढलं. म्हणाली, "हातापायाची बोटं मोजली गो मी. वीस भरली. दोन कान, दोन डोळं. आतलं कशी मोजू? तू काय कलिंगड होतीस, चिरून बघाया?" मी म्हटलं, मग काय कमी नाय असं कशाला सांगितलंस? तर म्हणाली, "रडलीस तू अशी का अख्खा गाव उठला. तवा मी म्हनलं, हिला काय कमी नाय."

मी तरी वाद घालायचा म्हणून म्हटलं, आम्हां दोघा भावंडांची बाळंतपणं तूच केलीस, तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती. म्हातारी एकदम ताठ बसली.

"दोगं कुठली?"

मी पिशवी मांडीवर ओढली.

"तीन. तुजी आयस तीनदा वरडली, तीनदा नाळ कापली मी. धाकटीची बी बोटं वीस व्हती. तुमी शिकली-सवरलेली मानसं, एक कमी कवा केलीत गो?"

दादा, परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसले होते आणि सगळ्या जगावर चिडले होते. बायजाबाईवर, डॉक्टरांवर, विमलबाईंच्या पट्टीवर, आईवर (ती जाऊनही बारा वर्षं झाली, तिला का ओढायचं?), आणि माझ्या डाव्या बाजूच्या त्या रिकाम्या जागेवर. पेण येईपर्यंत एक एक नाव गळत गेलं आणि चिडायला मी एकटीच उरले. ते कसं वाटतं हे तुला लिहून कळणार नाही, आणि तू मला कधी विचारणारही नाहीस, म्हणून सोडून देते.

असो. तब्येतीची काळजी घे. वहिनीला नमस्कार सांग आणि साखर न घालता चहा पिते का ते बघ. शाळेतून रजा मिळत नसेल तर घे, मिळेपर्यंत थांबू नकोस. मला तुला काहीच देता आलं नाही, याचा राग या पत्रात जागोजाग सांडला असेल. तो पुसून वाच.

तुझी,
शामा

ता. क. – सोबत पोह्याचे पापड पाठवते आहे. ते वहिनीसाठी आहेत. तुझ्यासाठी एकही नाही, मीठ आहे त्यात. मी मोजून पाठवलेत, वहिनीला विचारीन.

आणखी एक – सोड्यांचं राहिलं. दर दिवाळीला मी जो डबा आणते तो पेणच्या बाजारातला, असं तू समजतोस. "शामे, तुझा तो सोडेवाला एक नंबर" असं दरवर्षी म्हणतोस. दादा, माझा कुठलाही सोडेवाला नाही. ते सोडे आपली धाकटी मालू पाठवते. धरमतरच्या खाडीवर ती स्वतः कोलंबी सोलून उन्हात घालते आणि तिचा नवरा महिपती (तुझ्या तोंडी त्याचं नाव नाही, पण त्याला ते आहे) कामावर येता-जाता डबा माझ्याकडे टाकतो. एकोणीस वर्षं तू तिच्या हातचं चवीनं खातो आहेस आणि तुझ्या अंगाला ते उत्तम मानवलं आहे. आता चिडून उपयोग नाही, पचलं ते.

मालू गेल्या आठवड्यात आली होती. माझी किडनी यांनी विकली, हे खाडीपर्यंत पोचलं होतं, म्हणून यांना मारायला आली होती. खरं कळल्यावर माझ्या शेजारी येऊन टेकली. मग म्हणाली, "ताई, माझ्या दोन आहेत का बघून घेऊ चल." आम्ही गेलो. त्याच पोरीनं यंत्र फिरवलं. दोन आहेत, दादा. रक्तगट तुझाच आहे. पनवेलच्या पुढच्या तपासण्याही तिनं केल्या, मला न सांगता, दोन दिवस कामाचे बुडवून. जुळते आहे. घरी येऊन कागद माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "त्याला नको सांगूस कुणाची. सोड्यांसारखी पाठव डब्यातून. बाजारातली म्हणून."

मी हसले आणि मग मला रडू आलं, कारण तिनं ते थट्टेत म्हटलं नव्हतं.

शेवटचं – डब्यातून पाठवता येत नाही. मी डॉक्टरांना खरंच विचारलं. देणारा आणि घेणारा दोघांना समोर बसवतात, दोघांचा एकत्र फोटो लागतो आणि घेणाऱ्याला स्वतःच्या सहीनं नातं लिहून द्यावं लागतं.

चौऱ्याऐंशीच्या भाऊबीजेला, जातीबाहेर महिपतीशी लग्न केल्यावर, मालू रोह्याच्या दारात ताट घेऊन उभी होती. वाऱ्यानं दिवा जाऊ नये म्हणून पदर आडवा धरला होता. महिपती फाटकाबाहेर पिशवी घेऊन उभा होता. तू दारात जाऊन म्हणालास, "मला बहीण एकच आहे," आणि दार लावलंस. मी आत पाटासमोर माझं ताट घेऊन बसले होते. मी उठले नाही. तू येऊन पाटावर बसलास आणि मी तुला ओवाळलं. त्या दिवसापासून मी सगळ्या रकान्यांत 'एक भाऊ' लिहीत आले. श्रावणात त्या हॉलमध्ये वीस मिनिटं बोलले, त्यात मालूचं नाव नव्हतं. एकटी राहिले आणि मोठी झाले, डॉक्टर म्हणाले तशी. मला नव्हतं मोठं व्हायचं.

तू गणिताचा शिक्षक. वर्गात उत्तर चुकलं तर तू पोरांना फळ्यापाशी उभं करून पुन्हा मोजायला लावतोस.

फॉर्म सोबत जोडला आहे. माझा मी दुरुस्त केला. तुझ्या फॉर्मवर तुझं नाव, वय, पत्ता मी भरलं आहे. 'सख्खी भावंडं' हा रकाना आणि मालूच्या नावापुढचा 'नातं' हा रकाना रिकामा ठेवला आहे. भाऊबीजेला मी रोह्याला येते आहे, आणि एकटी येत नाही. तू फॉर्म कोराच परत करशील, मला माहीत आहे. कदाचित दारही उघडणार नाहीस. तरी मागते. ते दोन रकाने भर, दादा. निळ्या शाईनं भर, लाल चालत नाही.